बोट वर म्हणजे हो

टेबलावर

घड्याळाचं एक गोल यंत्र, पितळेचं, मुठीत जेमतेम मावेल एवढं. दोन प्लेटा, मध्ये चाकं. एक घंटा. एक लंबक, तो टांगायचा दोऱ्याला, आणि दोरा कुजून तुटलेला. काळ्या दगडाची पेटी, एक कोपरा उडालेला. एक पांढरी तबकडी, तिच्यावर कुठल्याशा दुकानाचं नाव.

टेबलाच्या पलीकडे, चाकांच्या खुर्चीत, माझा नवरा.

अट

घरच्याच घड्याळदुरुस्तीच्या दुकानात झटका आला, तेव्हा ह्यांच्या हातात चिमटा होता. तो घट्ट धरलेलाच राहिला, दवाखान्यात सोडवावा लागला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतं. कळत नाही."

ह्यांची बहीण म्हणाली, "डॉक्टर दादाला ओळखत नाहीत."

ती धाकटी म्हणून सासऱ्यांनी तिला बारकी म्हणायला सुरुवात केली. पन्नाशी उलटली, दोन जावई आले, तरी बारकीच. लहानपणी ती ह्यांच्या शेजारी, ह्याच टेबलाशी बसायची. बोटं बारीक, म्हणून जिथं ह्यांची पोचायची नाहीत तिथं हिची घालायचे. लग्न झालं आणि ते सुटलं. दादाचं कळल्यावर एक पिशवी घेऊन आली ती आलीच. तिचा नवरा गॅस कसा पेटवायचा ते विचारायला दिवसातून तीनदा फोन करायचा.

तिनं दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. बोट वर म्हणजे हो. नाही उचललं म्हणजे नाही.

गावाबाहेर एक घर आहे, अशा माणसांना ठेवतात. तिथं एक खाट रिकामी होती. हवी की नको ते आठवड्याअखेर कळवायचं होतं. एकटीनं ह्यांना उचलणं माझ्याच्यानं होत नव्हतं. बारकी राहिली असती तर जमलं असतं. तिला मी सरळ विचारलं, राहशील?

"समज असेल तर जन्मभर राहीन," ती म्हणाली. "नसेल तर, वहिनी, मी राहू कुणाजवळ?"

तर एवढंच कळायला हवं होतं. हे आत आहेत की नाहीत.

दुरुस्ती

घड्याळ समोरच्या चष्मेवाल्याचं. झटक्याच्या आदल्या दिवशी देऊन गेला होता. मी म्हटलं, परत करून टाकू. बारकी म्हणाली, थांब.

तिनं खुर्ची टेबलाला भिडवली, दिवा खाली ओढला, ह्यांचं भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं आणि यंत्र पेटीतून बाहेर काढून ह्यांच्या नाकासमोर धरलं.

"दादा, आधी जोर उतरवायचा ना?"

बोट वर.

कमानीत जोर असताना प्लेटा सोडल्या की चाकं भिरभिरतात, दाते झडतात, आणि आपली बोटं शाबूत राहिली तर नशीब. बारकीनं किल्ली लावली, मुठीत आवळली, नखानं खटका उचलला आणि किल्ली मुठीतून थोडी थोडी मागे जाऊ दिली. धर, सोड. धर, सोड. कमान गप्प झाली.

"बघितलंस? विसरला नाही."

"मी काय म्हणत होते विसरले म्हणून?"

"तू नाही. तो डॉक्टर."

मग मागच्या बाजूची खाचांची चकती. टोले किती द्यायचे ते ह्या चकतीवरच्या खाचा ठरवतात. ती आंधळी असते. काटे कुठं आहेत ते तिला माहीत नसतं. पाचानंतर सहा, सहानंतर सात, एवढंच तिला येतं.

"म्हणजे काटे मागे फिरवायचे नाहीत. फिरवले की टोले एकीकडे आणि काटे एकीकडे. हो ना दादा?"

वर.

"दोरा रेशमाचाच ना?"

वर. मी शिवणाच्या डब्यातून रेशमी दोरा काढून दिला. तेवढाच माझा हातभार.

बारकीनं तबकडी उतरवली. मग पुढची प्लेट तिनं दिव्याकडे तिरकी केली.

"दादा, ही तबकडी ह्या यंत्राची नाही ना? बघ. ही तीन जुनी भोकं रिकामी. हिचे मागचे पाय बसलेत ते ह्या दोन भोकांत, आणि ही कुणीतरी नंतर पाडलीत. कडा बघ किती नव्या. आणि किल्लीचं भोक एका अंगानं कानशीनं घासलंय, किल्ली जाईना म्हणून."

वर.

"तुलाही तेच वाटलं ना!"

वर.

सगळ्यात अवघड काम शेवटचं. चाकं खालच्या प्लेटवर उभी करायची, वरून दुसरी प्लेट ठेवायची आणि प्रत्येक आसाचं सुईएवढं टोक आपापल्या भोकात जायला हवं, एकाच वेळी. एक गेलं की दुसरं निसटतं. ह्यांना ह्या कामात शिव्या देताना मी ऐकलंय, आणि हे तसे शिव्या देणारे नव्हेत.

"खालच्या अंगानं सुरुवात ना? दाबायचं नाही ना? नुसतं ठेवायचं ना?"

वर. वर. वर.

प्लेट बसली. लंबक टांगला, चाल लंगडी निघाली. एक ठोका लांब, एक तोकडा. तिनं लंबकाला ढकलणारी दांडी केसाइतकी वाकवली. "असं ना?" वर. चाल सरळ झाली. काटे पुढे नेले आणि घंटा वाजली, बारीक, स्वच्छ.

बारकीनं ह्यांचं डोकं छातीशी धरलं. "दादा, दादा, तू आहेस रे." माझा जीव भांड्यात पडला. मी तिलाही धरलं आणि ह्यांनाही, भिंग तिघांच्या मध्ये चेंगरलं.

त्या घराला नको म्हणून कळवायचं मी ठरवलं. आज नको, म्हटलं. उद्या.

बारकी औषधं आणायला गेली तेव्हा

चहा गार झाला ना?

वर.

की गरम आहे?

वर.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, माझंच बोलणं चुकलं असेल. खोक्यातून गजराच्या घड्याळाचं एक चाक काढलं, पत्र्याचं, स्वस्तातलं.

हे चष्मेवाल्याच्या घड्याळातलं ना?

वर.

ह्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण खिशात होतं.

हे पण त्यातलंच?

वर.

मी तुमची बायको ना?

वर.

मी तुमची आई ना?

वर.

माझ्या हातचं तुम्हाला आवडतं?

वर. (हे उत्तर सगळ्या संसारात मिळालं नव्हतं.)

दुखतंय कुठं?

वर.

कुठंच दुखत नाही?

वर.

त्या घरी जाल?

वर.

नाही ना जायचं?

वर.

मग मी काहीच विचारलं नाही. नुसती वाकून तोंडासमोर गेले आणि गप्प उभी राहिले.

वर.

रीत

जुन्या घड्याळात आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्यानं काहीबाही कोंबलेलं असतं. एखादी पट्टी, एखादी जादा तार. मूळचं कुठलं आणि कोंबलेलं कुठलं ते ओळखायची ह्यांची साधी रीत होती. संशय आला तो तुकडा काढायचा आणि बघायचं, काही अडतंय का. मी मनात ह्यांचं बोट काढून बघितलं.

दुरुस्ती, एक तुकडा काढून

बारकीनं यंत्र बाहेर काढलं. आधी जोर उतरवायचा. किल्ली लावली, खटका उचलला. धर, सोड. कमान गप्प झाली.

खाचांची चकती. काटे मागे फिरवायचे नाहीत.

दोरा रेशमाचाच.

ही तबकडी ह्या यंत्राची नाही. जुनी भोकं रिकामी, पाय नव्या भोकांत, किल्लीचं भोक घासलेलं.

खालच्या अंगानं सुरुवात. दाबायचं नाही. नुसतं ठेवायचं.

प्लेट बसली. दांडी केसाइतकी वाकवली. चाल सरळ झाली. घंटा वाजली.

काही अडलं नाही.

तिनं एकही प्रश्न चुकीचा विचारला नव्हता. कसा विचारणार? चुकीचा तुकडा तिच्या बोटांनी उचललाच नव्हता.

मी सांगितलं नाही

बारकी औषधं घेऊन आली तेव्हा सांगणार होते. ती दारातूनच बोलत आली. दुकानाची पाटी पुसून घ्यायला हवी. ह्यांची खुर्ची खिडकीशी नको, टेबलाशीच हवी, सगळं दिसायला हवं. "दादा सांगेल, मी करीन. हात माझे, डोकं त्याचं. काय वाईट?"

"काही वाईट नाही."

"मग तोंड का असं?"

"कसं?"

"घंटेची हातोडी निखळल्यासारखं."

तिच्या नवऱ्याचा फोन आला तर त्याला म्हणाली, मी येत नाही, निळं बटण दाबून धर आणि मग काडी लाव. ठेवून दिला. हसली. किती वर्षांनी तिला असं हसताना बघत होते मी. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. दुसऱ्या दिवशीही गिळलं. त्या घराला होही कळवलं नाही, नाहीही कळवलं नाही.

चष्मेवाला

आला तोच दारातून ओरडत. "मास्तर! तुम्ही वेळ दुरुस्त करा, ती दिसेल एवढं मी बघतो!"

हा त्याचा ठरलेला विनोद. वर्षानुवर्षं हाच. हे ठरल्याप्रमाणे म्हणायचे, "आधी उधारीचं दिसतंय का बघा." ह्या वेळी कुणी काही म्हटलं नाही, तेव्हा तो खुर्चीपाशी येऊन थांबला आणि टोपी काढली.

"ऐकू येतं का?" मला हळूच.

"सगळं कळतं," बारकीनं मोठ्यानं सांगितलं. "बोट वर म्हणजे हो. विचारून बघा."

"मास्तर, ओळखलंत ना?"

वर. चष्मेवाल्याचे डोळे भरले. त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला.

बारकीनं घड्याळ दाखवलं. टोले ऐकवले. तो लहान मुलासारखा वाकून लंबकाशी डोळा लावून बसला. "सासऱ्यांचं. तीन मेव्हणे उभे होते उशाशी, तरी माझ्या हातात दिलं. म्हणाले, ह्यातलं सगळं मूळचं आहे, जप."

"सगळं नाही," बारकी म्हणाली. "तबकडी नंतरची आहे. यंत्र तिच्यापेक्षा पुष्कळ जुनं."

"छे हो."

"हे बघा ना. किल्लीचं भोक. ह्या अंगाला कानशीचे ओरखडे आहेत."

तो वाकला. चष्मा वर केला, खाली केला. "मला काही दिसत नाही."

"तुम्हालाच?" मी म्हटलं. हसण्यावारी जावं म्हणून.

तो हसला नाही. सरळ ह्यांच्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

मी मध्ये उभी राहिले. "आता नको. दमलेत. दुपारपासून बसलेत."

"विचारू दे ना वहिनी," बारकी म्हणाली. "दादानंच तर ओळखलं ते."

"मास्तर, तबकडी मूळचीच आहे ना?"

वर.

"बघा!" चष्मेवाल्यानं टाळी वाजवली. "मूळची!"

बारकी पुढे आली. ह्यांच्या समोर बसली. "दादा. नीट ऐक. भोकं दाखवली होती मी तुला. तबकडी नंतरची आहे ना?"

वर.

"मूळची आहे?"

वर.

"चेष्टा करतायत मास्तर," चष्मेवाला म्हणाला. "पूर्वीपासून खोडकर."

बारकीचा आवाज खाली गेला. "दादा, ही तबकडी लाकडाची आहे ना?"

वर.

"राहू द्या हो बाई. त्यांनी एकदा सांगितलं, मूळची. विषय संपला."

तिनं नुसतं बरं म्हटलं असतं तर तो गेला असता. घड्याळ त्याच्या घरी, त्याच्या फळीवर, कुणाचं काय बिघडत होतं? मी तिच्याकडे बघून तेच मागत होते. बरं म्हण. दादा म्हणतो ते खरं, असं म्हण, आणि त्याला जाऊ दे, मग आपण बघू, उद्या बघू. तिलाही ते दिसलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "बदललेली आहे."

"मास्तरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

तिनं घड्याळावर हात ठेवला होता. लंबक चालू होता.

"त्याला काही कळत नाही," बारकी म्हणाली.

डॉक्टरांनी म्हटलं होतं तसंच. तेवढ्याच आवाजात.

नेताना

लंबक लावलेला ठेवून घड्याळ उचललं तर दोरा तुटतो. तिनं लंबक काढला, कागदात गुंडाळला, त्याच्या खिशात घातला. काटे मागे फिरवू नका म्हणून सांगितलं. सपाट जागी ठेवा. ठोका लंगडा वाटला तर पेटीखाली पुठ्ठ्याची घडी घाला, मागून खुपसाखुपशी करू नका. एका दमात सगळं. गिऱ्हाईक जाताना हे असंच सांगायचे, ह्याच क्रमानं.

चष्मेवाल्यानं घड्याळ पोराला घ्यावं तसं कडेवर घेतलं. दारात मला बाजूला बोलावलं.

"नणंदबाईंना जरा विश्रांती द्या," म्हणाला. "सख्ख्या भावाबद्दल असं बोलतं का कुणी? मास्तर ठीक आहेत. उत्तर दिलं की नाही त्यांनी मला?"

"दिलं," मी म्हटलं.

रस्ता ओलांडेपर्यंत तो भेटेल त्याला सांगत होता. मूळचं आहे, मास्तरांनी सांगितलं.

आम्ही दोघी

"तुला माहीत होतं," बारकी म्हणाली.

"परवापासून."

"मग थांबवलं का नाहीस?"

"मध्ये पडले की मी. दमलेत म्हटलं."

"त्याला नाही गं. मला. दोन दिवस मी त्याच्याशी बडबडतेय. काल त्याला मी सगळं सांगितलं. आईचं, माझ्या घरचं, कुणाला सांगितलं नाही ते. तू आत भाज्या चिरत होतीस. ऐकत होतीस."

माझ्याजवळ जे होतं ते मी पुढे केलं. तेव्हा मला वाटलं तिला आधार वाटेल.

"अगं, पण म्हणजे ते तू केलंस. सगळं. जोर तू उतरवलास, भोकं तुला दिसली, प्लेट तू बसवलीस. कुणी सांगितलं नाही तुला. इतक्या वर्षांनी, एकटीनं केलंस."

मी तिला शिवी दिल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं.

"मला नव्हतं करायचं एकटीनं," ती म्हणाली.

"दुकान आहे. तुला येतं. आपण दोघी—"

"नको."

"निदान काही दिवस—"

"वहिनी, नको ना."

भिंग काढून तिनं टेबलावर ठेवलं. डोळ्याभोवती लाल वळ उमटला होता. हत्यारं पुसून जागच्या जागी लावली, प्रत्येक, न घाई करता. चिमटे आकारानं. मग त्या घराला तिनंच फोन केला. मी आतून ऐकत होते. हो, खाट हवी. हो, पुरुष. नाही, चालता येत नाही. नाही, बोलताही नाही.

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"नाही," म्हणाली. "ते पण नाही."

मग कपडे किती लागतील, नावं घालायची का कपड्यांवर, उशी घरची चालेल का.

संध्याकाळी

बारकी आत कपडे काढत होती. कपाटाचं दार करकरत होतं, मिटत होतं.

मी ह्यांना भरवायला बसले. मऊ करून, गाळून, वाटीत. आजवर आम्ही बोटावरच जात होतो. पुरे का म्हणायचं, बोट वर, वाटी बाजूला. आणखी हवं का म्हणायचं, बोट वर, आणखी घालायचं. कुठल्या दिवशी मी काय विचारलं होतं ते आठवून बघितलं. कितीदा उपाशी उठवलं. कितीदा कोंबलं. नाही आठवलं.

"पुरे?"

वर.

"आणखी देऊ?"

वर.

तोंड थोडं उघडं होतं. ते झटक्यापासून तसंच असतं. मी चमचा धरून ह्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे माझ्याकडे होते. दिव्याकडेही असू शकतील, दिवा माझ्या मागेच होता.

चमचा आत घातला. गिळला गेला.

मी दुसरा भरला.